एक थाप म्हणजे थांब

ही गोष्ट खरी आहे.

ज्यांना खोटी वाटेल त्यांनी अंबडला माझ्या भावाच्या गॅरेजवर जावं आणि त्याचा उजवा हात बघावा. हातच्या कंकणाला आरसा कशाला?

भावाचं नाव कल्याण. गाड्यांचा मिस्त्री. आता तो खुर्चीत बसून सांगतो आणि पाने दुसरेच फिरवतात.

हे घडलं मागच्या जानेवारीत. संक्रांतीच्या आधीचे दिवस. अंबड-जालना रोड. उजाडायला थोडाच वेळ राहिला होता. त्या आठवड्यात थंडी अशी पडली होती की नळाखाली हात धरला तर बोटं आपली वाटत नव्हती.

मी तिथे नव्हते. पण ज्याच्या गाडीत हे घडलं तो लतीफ, कल्याणचा शाळेपासूनचा दोस्त, त्याच दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसून मला सगळं सांगत होता. बोलता बोलता मागे वळून बघायचा. मागे नुसती भिंत होती.

मला त्याचा राग आहे. अजूनही आहे, उगाच गोड कशाला बोलू? पण तो खोटं बोलत नव्हता. एवढा माणूस मला ओळखता येतो.

म्हणून त्याने सांगितलं तसंच सांगते.

लतीफने दिवाळीनंतर एक जुनी पिकअप घेतली. वाटूरजवळ बद्रीनाथ नावाच्या शेतकऱ्याची होती. गाडी चांगली, टायर चांगले, इंजिन तर एका चावीत चालू. एवढी चांगली गाडी हा माणूस विकतो कशाला, हा प्रश्न लतीफला पडायला हवा होता. पडला नाही. आवडती वस्तू समोर आली की माणसाची अक्कल रजेवर जाते.

चावी देताना बद्रीनाथ एकच वाक्य बोलला.

"थंडीत काचा लावून नका चालवू. जरा खाली ठेवत जा."

"बराबर," लतीफ म्हणाला, आणि विसरला.

ओसरीवर बद्रीनाथची म्हातारी आई बसली होती. गाडी अंगणातून निघाली तशी ती उठली, आत गेली आणि दार लावून घेतलं. दुपारची वेळ होती. लतीफला वाटलं, धुळीमुळे असेल.

महिनाभर गाडी पाण्यासारखी चालली. काचा खाली, गाणी जोरात.

मग थंडी आली. एका सकाळी लतीफने मफलर बांधला आणि काचा वर केल्या.

गाव मागे पडलं...

ठक.

आवाज मागून आला. केबिनच्या पाठीच्या पत्र्यावर. कुणी तळहाताने मारावं तसा.

लतीफने गाडी थांबवली. उतरून मागे बघितलं. हौदा रिकामा.

इथे एक सांगायला हवं. पिकअप चालवणाऱ्यांचा एक कायदा असतो. मागे हौद्यात माल असतो, मालावर माणूस बसलेला असतो. केबिनमधल्या ड्रायव्हरला त्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग मागचा माणूस केबिनच्या पत्र्यावर थाप मारतो. एक थाप म्हणजे थांब. दोन थापा म्हणजे जाऊ दे. मोंढ्यातल्या, म्हणजे धान्याच्या बाजारातल्या, हमालापासून शेतावरच्या बायांपर्यंत सगळ्यांना हे माहीत. आणि ड्रायव्हरच्या पायाला त्याची इतकी सवय होते की थाप पडली की पाय आधी हलतो. डोकं नंतर विचारतं, कुणी मारली?

लतीफचं डोकं त्या दिवशी म्हणालं, साखळी असेल. मागचा फाळका, म्हणजे हौद्याचं खाली पडणारं दार, त्याची साखळी ढिली होती. त्याने तिला फडकं गुंडाळून घट्ट गाठ मारली.

दुसऱ्या सकाळी पुन्हा काचा वर.

ठक... ठक.

आता त्याने जॅक बांधला. स्टेपनी आवळली. सीटमागचे पाने पोत्यात कोंबले.

तिसऱ्या सकाळी आवाज जागेवरच.

गंमत म्हणजे ऊन पडलं आणि काच खाली केली की सगळं चिडीचूप. सुंठीवाचून खोकला गेला, असं वाटायचं. पुन्हा पहाट झाली, पुन्हा काच वर गेली, की पुन्हा तेच.

आणि मग मोंढ्यात ते झालं.

लतीफ सोयाबीनची पोती उतरवायला गाडी मागे घेत होता. सकाळची थंडी, काचा बंद. मागे ओटा, ओट्याखाली रामकिसन हमाल विडी पेटवत उभा होता. लतीफला तो आरशात दिसत नव्हता. लतीफ मागच्या थापेची वाट बघत होता.

ठक-ठक.

येऊ दे.

लतीफने गाडी मागे सोडली. एकदम आरडाओरडा झाला. ब्रेक लागला तेव्हा फाळका आणि ओटा यांच्यात रामकिसन उभाच्या उभा चेपायचा राहिला होता. त्याची विडी मात्र खाली पडून चपटी झाली होती.

"कोन मारली रे थाप?" रामकिसन ओरडला.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कुणीच मारली नव्हती. गाडीजवळ कुणी नव्हतंच.

लतीफने पोती घाईघाईत उतरवून घेतली. ही गोष्ट त्याने घरी सांगितली नाही. पण अंबड केवढं? संध्याकाळी घरी पोचेपर्यंत त्याच्या बायकोला, रजियाला, सगळं कळलेलं होतं.

आता खरी अडचण पुढे होती. सोमवारपासून लतीफ जालना एमआयडीसीतल्या एका बियाण्याच्या कंपनीत बाया नेणार होता. बियाणं निवडायच्या कामाला. रोज पहाटे अंबडहून, याच पिकअपच्या हौद्यात बसवून. आणि त्या बायांत रजिया स्वतः होती.

तिने ताटात भाकरी वाढली आणि एवढंच म्हणाली, "पीछे हम औरतां बैठनेवाले हैं. वो आवाज का पहले देखो. नहीं तो मैं किसी को बैठने नहीं देती."

लतीफ जेवला नाही. ताट तसंच ठेवून तो कल्याणकडे गेला.

कल्याणने ऐकलं आणि हसला. माझ्या भावाला देव, भूत, ग्रह, कशाचंच काही नाही. त्याचा एकच देव, ग्रीस.

"लोखंड थंडीत आकसतं, लत्या. चाकावरच्या कमान-पाट्याचे बुश गेलेत तुझ्या गाडीचे. खड्ड्यात चाक गेलं की ठक करतंय."

"पर आवाज वरून येतो यार."

"आवाज कुठून येतो ते आवाजाला विचारू का तुला? पत्र्यातून फिरत असंल. काखेत कळसा अन् गावाला वळसा चाललाय तुझा."

त्याने गाडी जॅकवर घेतली. पाट्याचे बुश बदलले. सायलेन्सरची पट्टी आवळली. मागच्या शाफ्टचा जॉइंट हलवून बघितला. केबिन आणि हौदा यांच्यातल्या फटीत गोणपाट दाबून भरलं. मग एक लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, त्याचं टोक पत्र्याला आणि मूठ कानाला लावली. जुने मिस्त्री असंच ऐकतात. डॉक्टरांची नळी असते तसं. लतीफने रिकामी गाडी रेस केली.

कल्याण बराच वेळ ऐकत राहिला.

"काय न्हाई. बिलकुल शांत गाडी हाय."

पण स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवताना त्याने कानात बोट घालून फिरवलं, असं लतीफ सांगतो. आणि विचारलं, "तू आत्ता काही बोललास का?"

"न्हाई."

"मंग जाऊ दे."

दुसऱ्या पहाटे लतीफ एकटाच गाडी घेऊन निघाला. काचा मुद्दाम वर केल्या. गावाबाहेरचा पेट्रोल पंप गेला. ओढ्यावरचा पूल गेला. आवाज नाही. लतीफला इतका आनंद झाला की तो मोठ्याने गाणं म्हणायला लागला.

मग काचेवर... टक.

पत्र्यावर नाही. पत्र्यामागे गोणपाट होतं ना. केबिनला मागे बघायला छोटी काच असते, त्या काचेवर.

टक. टक.

लतीफने वळून बघितलं. काचेवर बाहेरून दव साचलं होतं. पांढरी, धुरकट काच. आणि त्या दवावर चार ठिपके पुसलेले होते. एका ओळीत.

मुठीची चार हाडं काचेवर टेकवली की उमटतात तसे.

तो तिथूनच परत फिरला. दोन्ही काचा खाली करून, कुडकुडत. गॅरेजच्या दारात गाडी उभी केली आणि कल्याणला झोपेतून उठवलं.

इथे माझ्या भावाचं चुकलं. त्याने गाडी तशीच सोडून द्यायला हवी होती. पण मिस्त्रीला आवाज सापडला नाही की त्याला अन्न गोड लागत नाही. आणि पाठीमागे रजिया बसणार होती, तिला कल्याण भाभी म्हणतो. तो म्हणाला, "उद्या सकाळी मी मागं बसतो. तू चालव, काचा लावून. आवाज कुठून येतोय ते मी धरतो. उद्या न्हाई सापडला तर सोमवारी तूच बायांना घेऊन जाशील, अन् मंग काय झालं तर?"

लतीफ नको म्हणाला. खरंच म्हणाला, यावर मी विश्वास ठेवते.

"एक थाप मारली की थांबायचं," कल्याणने बजावलं. "दोन मारल्या की चालू ठेवायचं. बाकी काय बी झालं तरी माझ्या थापेशिवाय काय करायचं न्हाई."

रविवारची पहाट. धुकं असं की गाडीचे दिवे चार हातांवर जाऊन विझल्यासारखे. कल्याणने अंगावर घोंगडी घेतली, हातात तो स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि हौद्यात केबिनला पाठ लावून बसला. लतीफने फाळका लावला. साखळीला फडक्याची गाठ मारली. काचा वर केल्या.

गाडी निघाली.

गावाबाहेर पडल्यावर एक थाप आली. लतीफ थांबला. त्याने काच उतरवली, कल्याणने वाकून खिडकीशी तोंड आणलं.

"काय न्हाई अजून. जरा जोरात चालव. तो खराब पट्टा येतोय ना, तिथं कळंल."

दोन थापा. लतीफने काच वर केली आणि निघाला.

खराब पट्टा लागला. गाडी धडधडली. लतीफने कान मागे लावले.

ठक-ठक.

चालू ठेव. लतीफने चालू ठेवलं.

थोड्या वेळाने पुन्हा... ठक-ठक.

"हां बाबा, चालूच हाय," लतीफ स्वतःशीच म्हणाला.

ठक-ठक. या वेळी जोरात. लतीफला वाटलं, आवाज सापडत आला असेल, अजून वेग हवा असेल. त्याने पाय दाबला.

ठक-ठक. ठक-ठक. ठक-ठक.

धुक्यात झाडं दिसायच्या आत मागे जात होती. लतीफ हसला. म्हणाला, येडा झालाय मिस्त्री, मला जालन्यालाच नेणार आज.

मग थापा थांबल्या.

लतीफने मागच्या छोट्या काचेतून बघितलं. काचेवर दव होतं, पण घोंगडीचा काळा आकार दिसत होता. केबिनला पाठ लावून बसलेला. डोक्यावरून घोंगडी ओढलेली.

झोपला की काय, असं लतीफला वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर. लतीफने एका हाताने कानाला लावला.

"लत्या..."

"कोन?"

"मी. कल्याण. दूधवाल्याच्या फोनवरून बोलून राह्यलो."

लतीफ खदखदून हसला. "मागं बसून फोन कशाला करतो बे?"

पलीकडे कुणीतरी कण्हलं. मग कल्याण रडल्यासारखं बोलला. माझा भाऊ आमचे वडील गेले तेव्हाही रडला नव्हता.

"मी मागं न्हाई रे लत्या. मी रोडवर पडलोय. थांबला का न्हाईस तू? किती थापा मारल्या मी... एक एकच मारत होतो... थांबला का न्हाईस?"

लतीफच्या हातातून फोन खाली पडला.

त्याने मागे बघितलं नाही. त्याने आरशात बघितलं. आरशात छोटी काच. काचेत घोंगडी.

घोंगडी हलली. तिने वळायला सुरुवात केली... सावकाश...

ठक.

एक.

फक्त एक.

लतीफचा पाय ब्रेकवर गेला. आपोआप. इतक्या वर्षांचा पाय, तो थोडाच ऐकतो? गाडी हळू झाली. आणि हौद्यात काहीतरी उठून उभं राहिल्याचा भार पाट्यांवर आला. रिकाम्या गाडीत माणूस उभा राहिला की ड्रायव्हरला ते बुडाखाली कळतं.

थांबलो तर ते खाली उतरेल. उतरून माझ्या दाराशी येईल. लतीफच्या डोक्यात एवढंच आलं.

त्याने पाय उचलला आणि पूर्ण दाबला. ॲक्सिलरेटरवर.

ठक.

"या अल्लाह."

ठक.

आता काचेवर. मुठीने.

ठक.

काचेला कोपऱ्यातून तडा गेला. तडा हळूहळू वर चढला. लतीफ सांगतो, त्या थापेत राग होता. पहिल्या दिवसांतल्या थापा नुसत्या थापा होत्या. ही थाप मारणाऱ्याला त्याचं वाईट करायचं होतं.

आणि मग त्याला बद्रीनाथचं ते एकच वाक्य आठवलं.

त्याने धडपडत दोन्हीकडच्या काचा खाली केल्या. बर्फासारखा वारा आत घुसला. डोळ्यांतून पाणी आलं.

थापा बंद झाल्या.

फक्त वाऱ्याचा आवाज. लतीफ म्हणतो, त्या थापांपेक्षा ती शांतता वाईट होती. कारण ते गेलं की अजून बसलंय हे कळायला काही मार्गच नव्हता.

तो थेट एमआयडीसीच्या चौकात जाऊन थांबला. पाळी सुटलेली, माणसांची गर्दी, चहाच्या गाडीवर उकळ्या फुटत होत्या. लतीफ उतरला आणि चहावाल्याचा हात धरून ओढत त्याला मागे घेऊन गेला. एकट्याने बघायची हिंमत नव्हती.

हौद्यात कुणी नव्हतं.

घोंगडी होती. नीट चौघडी करून केबिनला टेकवून ठेवलेली. जणू कुणी झोपेतून उठलं आणि अंथरूण आवरलं.

आणि फाळका बंद होता. साखळी लागलेली. फडक्याची गाठ लतीफने मारली होती तशीच.

माझा भाऊ त्याच फाळक्यातून खाली पडला होता.

दूधवाल्याने त्याला अंबडच्या दवाखान्यात पोचवलं. मी जालन्याहून गेले तेव्हा त्याच्या डोक्याला पट्टी होती, पाय प्लास्टरमध्ये होता. उजवा हात मात्र पांघरुणावर होता. मूठ घट्ट आवळलेली. नर्स ती उघडायचा प्रयत्न करत होती.

कल्याण माझ्याशी थोडंच बोलला. तेवढंच पुरेसं होतं.

"ताई, गाडी खराब पट्ट्यावर आली अन् माझ्या बाजूला कोनतरी बसलं. घोंगडीत. थंडगार. मी थांब म्हणून एक थाप मारली. लगेच बाजूनं दुसरी पडली. मी पुन्हा एक मारली. पुन्हा लगेच दुसरी. मी एक मारायचो अन् ते तिला दोन करायचं. लत्या जोरात चालवायला लागला. मी जेवढं थांब म्हणायचो तेवढा तो पळवायचा..."

एवढं सांगून त्याने डोळे मिटले. फाळका कसा उघडला, तेही सांगितलं नाही. आजपर्यंत नाही.

मूठ त्या दिवशी उघडली नाही. आजही उघडत नाही. डॉक्टर शीर दबली म्हणतात. म्हणोत.

दुसऱ्या दिवशी लतीफ वाटूरला गेला, ते त्याने मला नंतर सांगितलं. बसने गेला. बद्रीनाथ अंगणातच भेटला. लतीफला बघून त्याचा चेहरा आंबट झाला.

"गाडी दिली, विषय संपला. आता कशाला आलात?"

लतीफने सगळं सांगितलं. बद्रीनाथ ताकास तूर लागू देईना. "आमच्याकडं असलं काय बी नव्हतं. मी सांगितलं होतं ना काचा लावू नका म्हणून? मंग? तुमी ऐकलं न्हाई, तुमचं तुमी बघा. निघा इथून."

लतीफ निघाला होता. तेवढ्यात ओसरीवरून म्हातारीचा आवाज आला.

"थांबा बाबा."

बद्रीनाथची आई, मालनबाई. तिच्या मागे भिंतीवर हार घातलेला फोटो होता. तरणा माणूस, गळ्यात मफलर, हसरा.

"माझा धाकटा. काकासाहेब," ती म्हणाली. "त्यानं वाजवली का?"

लतीफने मान हलवली.

"दोन दोन?"

"आधी दोन दोन. आखरीला एकच."

म्हातारी जागेवरूनच पुढे सरकली. तिने लतीफचा हात धरला. इतका वेळ कोरडे असलेले तिचे डोळे भरून आले.

"एकच वाजवली? मंग थांबवली का तुमी?"

लतीफ तिच्या हाताकडे बघायला लागला.

"थांबवली का बाबा?"

"न्हाई माय."

तिने हात सोडला. पदराने डोळे पुसले. मग बोट उचलून अंगणात उभ्या असलेल्या मोठ्या मुलाकडे दाखवलं.

"यानं बी न्हाई थांबवली."

"काच बंद होती माय," बद्रीनाथ म्हणाला. भांडल्यासारखा म्हणाला. किती वेळा म्हणून झालं असेल कुणास ठाऊक. "थंडी होती. काच बंद होती." आणि पाय आपटत गोठ्याकडे निघून गेला.

काकासाहेबाचं काय झालं, कुठे झालं, हे लतीफने विचारलं नाही. मला विचाराल तर बरंच केलं.

रजिया त्या गाडीत कधी बसली नाही. दुसरी कुठलीच बाई बसली नाही. लतीफने ती गाडी कुणाला विकलीही नाही. त्याच्या नशिबात जे आलं ते दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं नाही, असं रजियाने ठणकावून सांगितलं. गाडी भंगारात गेली. कापली गेली. जालन्यात भंगार कुठे जातं हे सांगायला नको. भट्टीत. लतीफने तुकडे ट्रकमध्ये चढताना स्वतः उभं राहून बघितले. मगच घरी जाऊन झोपला.

भट्टीतून सळई निघते.

मी हे तेव्हा मनातसुद्धा आणलं नव्हतं. आमच्या घराचं काम त्या उन्हाळ्यात चाललं होतं. जालन्याचीच सळई घेतली. इथे राहून दुसरीकडची कोण घेतं? खांब उभे राहिले, स्लॅब पडला, दिवाळीला आम्ही राहायला आलो.

एवढ्या लोखंडाच्या ढिगात त्या एका गाडीचं लोखंड नेमकं माझ्याच घरात कसं येईल? तुम्ही हेच म्हणाल. मीही स्वतःला हेच म्हणते. रोज म्हणते.

या डिसेंबरात कल्याण चार दिवस राहायला आला. थंडी वाढली होती, म्हणून मी खिडक्या लावून घेतल्या. तो बाहेरच्या खोलीत भिंतीशी झोपला.

सकाळी मी चहा ठेवत होते. अजून उजाडायचं होतं.

त्या खोलीतून आवाज आला.

ठक.

शीतलने, त्याच्या बायकोने, मला सांगून ठेवलं होतं. हिवाळा लागल्यापासून झोपेत त्याची ती मूठ उठते आणि पलंगावर, भिंतीवर, जिथे लागेल तिथे आपटते. एकदाच. घाबरू नका. म्हणून मी घाबरले नाही. चहात साखर घातली.

आणि मग...

ठक.

मी गॅस बंद केला. खोलीत गेले.

कल्याण जागा होता. डोळे सताड उघडे. अंग भिंतीपासून जेवढं लांब नेता येईल तेवढं नेलेलं. उजवा हात दुसऱ्या हाताने छातीशी घट्ट दाबून धरलेला.

"ताई," तो कुजबुजला, "पहिली माझी होती. दुसरी ऐकलीस का तू?"

"नाही," मी म्हणाले.

भावाशी एवढं धडधडीत खोटं मी जन्मात कधी बोलले नव्हते.

तो त्याच दिवशी अंबडला परत गेला. त्यानंतर मी थंडीत घराच्या सगळ्या खिडक्या उघड्या ठेवते. पोरं कुडकुडतात. नवरा चिडतो, म्हणतो डोकं फिरलंय तुझं. चिडू दे. दोन थापा म्हणजे जाऊ दे. माझ्या भावाला कुठे जाऊ द्यायचं आहे, ते मला त्या भिंतीकडून ऐकायचं नाही.